चूक वहीत होऊ द्या, लाकडात नको: बघून, काढून वस्तू घडवण्याची रीत

बेळगावकडं चित्रकला म्हटलं की बहुतेकांना शाळेतली लोअर-हायरची ड्रॉइंग परीक्षा आठवते. वस्तुचित्र, नक्षी, रंग चौकटीबाहेर गेला की मार्क गेले. शिवाय या गावाला मोठ्या चित्रकारांची परंपरा आहे. व्यक्तिचित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी इथंच विद्यार्थी घडवले. त्यांतले एक रवी परांजपे, जन्म १९३५, बेळगावचेच. इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल हे कागदावर दाखवण्यात पुढं त्यांचं मोठं नाव झालं. ही परंपरा अभिमानाची खरीच, पण तिच्यामुळं एक अडचणही होते. ‘मला काय चित्र येत नाही’ म्हणून माणूस पेन्सिलच उचलत नाही, आणि मग तीच व्यक्ती किचनचा ओटा, दुकानाचं काउंटर, सोप्यातलं, म्हणजे ओसरीवरचं, बाकडं अंदाजानं सांगून करून घेते. ओटा दोन इंच उंच झाला की पुढची वीस वर्षं खांदे दुखतात.

हा लेख अशा लोकांसाठी आहे. इथं चित्र भिंतीवर लावण्यासाठी काढायचं नाही. ते दुसऱ्यानं बघून दुरुस्त करावं म्हणून काढायचं. माझ्या मते सगळी मेख यातच आहे. कच्चं, वेडंवाकडं चित्र दाखवलं की समोरचा बोट ठेवून सांगतो, ‘हे असं नाही, तसं आहे.’ गुळगुळीत, शेडिंग केलेलं चित्र दाखवलं की तो म्हणतो, ‘छान काढलंय’, आणि गप्प बसतो. घडवणाऱ्याला त्या कौतुकाचा काही उपयोग नाही.

सामान

गणिताची चौकटीची वही, एक २बी पेन्सिल, पाच मीटरची टेप, सुतळीचा गुंडा. बस. शाईचं पेन पावसाळ्यात घेऊ नका. खानापूर भागात जून ते सप्टेंबर कागद इतका ओलसर असतो की शाई फुटते आणि बॉलपेन मध्येच उठत नाही. पेन्सिल मात्र चालते. खोडरबर सुरुवातीला घरीच ठेवा. चुकलेली रेघ तशीच राहू द्या आणि शेजारी दुसरी ओढा. पहिली रेघ दिसत असली की दुसरी किती सरकवायची ते कळतं.

फोन जवळ असू दे, पण खिशात. फोटो काढायचा तो रेखाटन झाल्यावर. आधी फोटो काढला की डोळा ‘झालं काम’ म्हणून मोकळा होतो. पिंटरेस्टही वस्तूचा विचार पूर्ण होईपर्यंत उघडू नका, नाहीतर पोर्तुगालमधल्या कुठल्यातरी कोरड्या घरातला स्टँड खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पावसात आणून ठेवाल.

डोळ्याचा सराव: आधी एक चप्पल घ्या

सरावासाठी पायातली कोल्हापुरी चप्पल उत्तम. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. अथणी, निपाणीकडं ती करणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तेव्हा वस्तू घरचीच आहे.

पहिला सराव असा. चप्पल टेबलावर ठेवा. पेन्सिल कागदावर टेकवा आणि नजर चपलेवरच ठेवा, कागदाकडं बघायचंच नाही. मुंगी चपलेच्या कडेनं चालली आहे असं समजा आणि तिच्या वेगानं हात हलवा. निघालेलं चित्र हास्यास्पद असेल, असू द्या. हात आणि डोळा एका चालीनं चालायला लागतात, तेवढंच यातून हवं असतं. रोज एक वस्तू, पंधरा दिवस, एवढं पुरे.

दुसऱ्या सरावात कागदाकडं बघा, पण भाग सुटे करून काढा. तळ वेगळा, पट्टा वेगळा, अंगठा वेगळा, दोन्ही बाजूंचे कान वेगळे, वेणी असेल तर तिचे पेड वेगळे. आता स्वतःला विचारा, हे एकमेकांना धरून कशानं आहे? खिळा दिसतो का? अस्सल चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवलेलं असतं. ती वादी कुठून आत जाते, कुठून वर येते, ते बाणानं दाखवा. इथं बहुतेकांचा हात अडतो. शंभर वेळा बघितलेली वस्तू जोडली कशी आहे हे आपल्याला माहीतच नसतं. जिथं हात अडला तिथं एक फुली मारा. अभ्यास तिथून सुरू होतो.

तिसरा सराव मला सगळ्यात आवडतो. एकाच मापाची दोन वापरलेली जोडं घ्या. एक दिवसभर गादीवर बसून दुकान चालवणाऱ्याचं, दुसरं शेतात जाणाऱ्याचं. तळ उलटा करा आणि फक्त झीज काढा. टाच बाहेरून घासली आहे की आतून? अंगठ्याचा खळगा किती खोल? कोणता कान ताणला आहे? झिजेचा नकाशा तयार झाला की पुढच्या जोडाला चामडं कुठं जाड हवं ते समजतं. वस्तू कशी वापरली जाते हे मालक सांगतो त्याहून तिच्यावरच्या खुणा जास्त खरं सांगतात.

बाहेर पडून काढायचं तर

बेळगावच्या किल्ल्यात कमळ बस्ती हे जैन देऊळ आहे, १२०४ च्या सुमाराचं, रट्ट राजवटीतलं. मंडपात बसून वर बघा. छतातून उतरलेलं दगडी कमळ ७२ पाकळ्यांचं सांगतात. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर मिळून ती संख्या होते. सगळ्या पाकळ्या काढायला बसू नका, मान मोडेल. एक वर्तुळ, मधोमध बिंदू, त्यातून फाकणाऱ्या दोन रेघा, आणि त्या दोन रेघांमधला एवढाच तुकडा नीट काढा. मग तोच तुकडा फिरवून वर्तुळ भरतं का ते पडताळा. फिरवून भरणारी नक्षी म्हणजे काय हे एकदा हातात बसलं की रांगोळीपासून लोखंडी ग्रिलपर्यंत कुठंही उपयोगी पडतं. दगडकाम करणाऱ्यानं जड दगड छताला लोंबताना हलका कसा भासवला, हेही तो तुकडा काढताना लक्षात येतं. कडा पातळ होत गेल्या आहेत.

एक सावधगिरी. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचं गाव आहे. किल्ला आणि कॅम्प परिसरात लष्करी फाटक, भिंत किंवा इमारत दिसली की वही मिटा. आपण कमान काढत असलो तरी पहाऱ्यावरच्या जवानाला ते कसं कळणार?

खानापूर तालुक्यात हलशीला जा. तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, १२ व्या शतकातलं. त्यात दोन गाभारे एकमेकांसमोर तोंड करून आहेत. बाहेर उभं राहून कितीही सुंदर चित्र काढलं तरी ही गोष्ट कागदावर येणार नाही. त्यासाठी वरून बघितल्यासारखा आराखडा काढावा लागतो. पावलं मोजा, एक पाऊल म्हणजे वहीची एक चौकट, भिंती जाड रेघेनं, दारं मोकळी. तासाभरात देवळाची मांडणी हातात येते. ‘दिसतं कसं’ यासाठी समोरचं चित्र, ‘आहे कसं’ यासाठी आराखडा, आणि ‘आत काय आहे’ यासाठी मधोमध कापल्यासारखा छेद. चित्रांचे हे तीन प्रकार लक्षात ठेवा.

हलणाऱ्या गोष्टींसाठी बेळगावातल्याच वडगाव, खासबाग, शहापूरचे माग आहेत. धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणारा तुकडा, काढायला जाल तर तो निसटेल, कारण यंत्रमागावर तो डोळ्याला नीट दिसतच नाही. त्याऐवजी विणकराचे हात बघा. तुटलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा शोधणं, गाठ मारणं, परत माग सुरू करणं, ही हालचाल दिवसभर तीच तीच होते. पहिल्या वेळी फक्त मनगट काढा, दुसऱ्या वेळी बोटं, तिसऱ्या वेळी वाकलेली पाठ. पाचसहा फेऱ्यांत चित्र पुरं होतं. तिथं कुणाकडं काठाच्या नक्षीचा जुना ग्राफ असला तर मागून बघा. एकेक चौकट म्हणजे ताणा-बाणा कुठं वर, कुठं खाली याची नोंद. चित्रातून थेट वस्तू कशी निघते याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

कुठंही बसण्याआधी विचारा. ‘काका, इथं बसून थोडं चित्र काढू काय?’ एवढं पुरतं. समोर कन्नड बोलणारे असले तर अण्णा, अक्का म्हणा आणि शेवटी आदराचं ‘री’ विसरू नका. निघताना वही दाखवा.

आता खरं काम: पावसातलं दार

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेऊ. जांबोटीच्या बाजूचं कौलारू घर, समोर सोपा, घरात आजी, मुलगा-सून, शाळेतला नातू. त्यांचं म्हणणं, ‘छत्र्या ठेवायला एक स्टँड करून द्या.’

पहिली पायरी म्हणजे मागणीचा प्रश्न करणं. ‘स्टँड कसा असावा’ असं विचारलं की उत्तर ठरल्यासारखंच असतं. ‘पावसात बाहेरून येणारा माणूस उंबऱ्यापर्यंत काय काय करतो’ असं विचारलं की बघण्यासारखं खूप सापडतं.

पोचल्यावर आधी आराखडा काढा. एक चौकट सहा इंच धरली तर बारा फुटी सोपा २४ चौकटींत बसतो. दार कुठल्या बाजूला उघडतं ते अर्धगोलानं दाखवा. फरशीचा उतार कुठं आहे ते बाणानं. मग एक गोष्ट, जी सगळे विसरतात: पागोळ्यांची रेघ. कौलांवरून पाणी नेमकं कुठं पडतं, तिथं जमिनीवर खळग्यांची ओळ झालेली असते. ती तुटक रेघेनं काढा. या रेघेच्या आतला आणि बाहेरचा सोपा म्हणजे दोन वेगळ्या जागा आहेत.

त्यानंतर खुणा. आमच्या उदाहरणात काय दिसतं? दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर, एका बाजूचा रंग गुळगुळीत होऊन काळपट झालेला. पायरीची एक कड बोथट, दुसरी शाबूत. भिंतीच्या तळाला हिरवट शेवाळाचा पट्टा, पण कोपऱ्यातच. खिडकीच्या गजाला अडकवलेली सुतळी, तिला गाठ. प्रत्येक खूण काढा, शेजारी जमिनीपासूनचं माप लिहा, आणि कारण मात्र अजून लिहू नका. प्रश्नचिन्ह ठेवा.

मग बाजूला, वाटेत येणार नाही अशा जागी बसा आणि माणसं येता-जाताना बघा. माणसं काडीची काढली तरी चालतील: डोकं म्हणजे गोळा, अंग म्हणजे रेघ. प्रत्येक येणाऱ्याची पट्टी करा, चारपाच चौकटींची. प्रत्येक चौकटीत तीनच गोष्टी बघायच्या: हातात काय आहे, वजन कुठल्या पायावर आहे, दुसरा हात कशाला टेकला आहे. नातू दप्तर पाठीवर ठेवूनच चप्पल झटकतो, ती लांब उडते. सून एका हातात दुधाची किटली, दुसऱ्यात छत्री, म्हणून छत्री मिटायलाच हात नाही. ती पागोळ्यांच्या आत येऊन किटली खाली ठेवते, तीही ओल्या जागेत. आजी चौकटीला धरून एका पायावर उभी राहते आणि दुसऱ्या पायाची चप्पल काढते. तो काळपट डाग आजीच्या हाताचा आहे.

इथं थांबून बघा, काय झालं ते. मागणी छत्रीच्या स्टँडची होती. कागदावर आलेली खरी धोक्याची गोष्ट म्हणजे ओल्या फरशीवर एका पायावर उभी असलेली आजी.

पुढची पायरी आजीला वही दाखवायची. तिला चित्रातलं काय कळणार, असं समजू नका. बोट ठेवून ती सांगेल, ‘आरं बाळा, पिशवी हितं न्हाई, त्या गजाला असतंय. उंदीर लागतंय खाली.’ झालं, सुतळीच्या गाठीचं कोडं सुटलं. सुधारणा त्याच चित्रावर, दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीनं करा. नवं स्वच्छ चित्र काढायचा मोह टाळा. कोणती गोष्ट आपण बघितली आणि कोणती घरच्यांनी सांगितली हे रंगावरून वेगळं राहतं.

आता मापं. आजीच्या गुडघ्याच्या मागची खाच जमिनीपासून किती, अनवाणी पायानं. बसण्याची उंची तेवढीच हवी. बाजारातलं बाकडं बहुधा १७-१८ इंचांचं असतं, आजी ठेंगणी असली तर पाय लोंबकळतात आणि उठताना त्रास. उभ्या आजीचा हात सहज जिथं पडतो ती उंची. सुनेच्या कोपराची उंची. लांब दांड्याची छत्री साधारण तीन फूट, मोठी चप्पल अकरा इंच. मापं चित्रावरच लिहा, वेगळ्या यादीत लिहिलेली हरवतात.

बारीक चित्रं, भरपूर

आता कुठं उपाय काढायला घ्या. पानावर काडेपेटीएवढे बारा चौकोन आखा आणि प्रत्येकात एक उपाय, प्रत्येकी दोन मिनिटं. पहिले तीनचार दुकानात बघितलेलेच येतील, त्यांना येऊ द्या. त्यानंतर हात रेंगाळतो, तेव्हा मघाच्या खुणांकडं बघून स्वतःला अडवणूक घाला: जमिनीला काहीच टेकायचं नाही असं केलं तर? एकाच हातानं सगळं करायचं तर? पैसे लावायचेच नाहीत, घरातलीच वस्तू हलवायची तर? शेवटच्या प्रश्नानं कित्येकदा काम तिथंच संपतं. सुताराला बोलवावंच लागत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या घरासाठी बारांतून तीन गोष्टी एकत्र येतात. पागोळ्यांच्या रेघेच्या आत, पण फरशीच्या उताराच्या खालच्या बाजूला, वाशाला टांगलेला एक आडवा दांडा. उघडी छत्रीसुद्धा त्यावर अडकते, गळलेलं पाणी उतारानं बाहेरच जातं. उंबऱ्याशेजारी आजीच्या मापाचं फळ्यांचं अरुंद बाकडं, खाली चपलांना जागा, फळ्यांत अर्ध्या इंचाच्या फटी म्हणजे चिखल खाली पडतो आणि खराट्यानं निघतो. आणि बाकड्याच्या टोकाला वर आलेला एक खांब, धरायला. त्याच खांबाला उंदरापासून दूर पिशवी, किटलीसाठी छोटी फळी. वेगळा असा छत्री-स्टँड राहिलाच नाही.

हेच बाकडं अथणीला नेऊ नका. तिकडं पाऊस थोडा, ऊन आणि धूळ जास्त, घरं माळवदाची. तिथं पागोळ्यांऐवजी सावलीची रेघ काढावी लागते: सकाळी दहा, दुपारी एक, चार, तिन्ही वेळा खडूनं फरशीवर सावलीची कड आखा आणि वहीत उतरवा. बसायची जागा त्या तीन रेघा ठरवतील. रीत तीच, वस्तू वेगळी.

खऱ्या मापात खोटी वस्तू

लाकूड कापण्याआधी ती वस्तू जागेवर उभी करा. विटांवर फळी ठेवली की बाकडं झालं. खांबाच्या जागी बांबू रोवा किंवा कुणीतरी धरून उभं राहा. दांड्याच्या जागी सुतळी ताणा. मग घरच्यांना दोन दिवस तसंच वापरायला सांगा, जमलं तर पावसातच. आजीला बसून उठायला लावा आणि तिचा हात आपोआप कुठं जातो ते बघा. आपण खांब डाव्या हाताला ठेवला असेल आणि हात उजवीकडं जात असेल, तर खांब हलवायचा, आजीला नाही. बदल झाला की लगेच काढा, तारीख घाला.

सुताराच्या हातात द्यायचा कागद

आता खोडरबर काढा. हा एकच कागद स्वच्छ हवा. वरून, समोरून, बाजूनं अशी तीन चित्रं एकाखाली एक, एकाच प्रमाणात. या वेळी एक चौकट दोन इंच धरा. मापं इंचात, आणि बारीक मापं सुतात. इंचाचे आठ सूत हे सुताराला तोंडपाठ असतं, मिलीमीटर सांगाल तर तो मनात परत इंचच करेल. ‘चित्रावरून मोजू नये, लिहिलेलं माप धरावं’ हे वर लिहा.

जिथं दोन लाकडं भेटतात तो जोड शेजारी मोठा करून काढा. चपलेच्या वादीचा सराव इथं कामाला येतो. कसा जोड करायचा हे मात्र सुताराला विचारून ठरवा, त्याच्याकडं तुमच्या दसपट अनुभव आहे. त्याला पेन्सिल द्या आणि कागदावरच बदलू द्या. पावसाच्या जागेत प्लायवूड नको म्हणून सांगा, कडेनं पाणी पिऊन फुगतं. घरातल्या जुन्या दाराचं सागवान किंवा फणसाचं लाकूड पडून असेल तर तेच बघा. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे. पाय थेट फरशीवर न टेकवता खाली चिऱ्याचा किंवा फरशीचा तुकडा द्या, लाकडाच्या तळातून ओल चढते ती अशानं थांबते. समोर येणाऱ्या सगळ्या कडा गोल, कारण नातू पळत येणार आहे.

वस्तू बसवल्यावर वही मिटून टाकू नका. गणपती झाले, पाऊस ओसरला की एकदा त्या घरी जा आणि पुन्हा खुणाच काढा. खांबावर हाताचा डाग पडला का, आणि कितीव्या इंचाला? चौकटीवरचा जुना डाग तसाच वाढतो आहे का? फटींत चिखल अडकून राहिला असेल तर अर्ध्या इंचाची फट कमी पडली. दांड्यावर छत्रीऐवजी ओले टॉवेल वाळत असतील तर सुनेला विचारा, टॉवेलसाठी आधी जागा कुठं होती. ते उत्तर पुढच्या पानावर लिहा, तारखेसकट.